कम्युनिटी रेडिओच्या ५० वॉट ट्रान्समीटरला कोणती केबल लावावी? टीव्हीची चालेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: रत्नागिरी जिल्ह्यात संस्थेचं कम्युनिटी रेडिओ केंद्र, ५० वॉटचा ट्रान्समीटर, ३० मीटरचा मनोरा, खोलीपासून अँटेनापर्यंत साधारण ४० मीटर केबल. गावातला केबलवाला म्हणतोय टीव्हीचीच केबल ओढू. मी अँटेना आणि फीडरचीच (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतच्या केबलची) कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्हीची केबल नको. तिचा इम्पीडन्स (रेडिओ सिग्नलला होणारा विरोध) ७५ ओहमचा, तुमच्या ट्रान्समीटरचा आणि अँटेनाचा ५० ओहमचा, आणि हे आकडे जुळले नाहीत तर काही पॉवर परत फिरते. शिवाय तिचे पिळून बसवायचे कनेक्टर वॉटवारी पॉवरसाठी नसतातच. हा विषय इथेच संपला.

आता ५० ओहमच्या केबलींकडे. १०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास १०० मीटरला होणारा लॉस (केबलमध्ये जिरणारी पॉवर, डेसिबल म्हणजे डीबीमध्ये) ढोबळ मानाने असा: आरजी-५८ या बारीक केबलीला १६ डीबी, आरजी-२१३ या तिच्याहून जाड केबलीला पावणेसात, हाफ इंच फोम फीडरला (नालीदार तांब्याचं कवच असलेली, मोबाइल टॉवरवर जंपरला वापरतात ती) २.२, आणि सेव्हन-बाय-एटला (७/८ इंची, तशीच पण जाड) १.२. तुमच्या ४० मीटरला याचा अर्थ काय? खाली ५० वॉट सोडले तर वर अँटेनाला आरजी-५८ मधून साडेअकरा वॉट पोचतील, आरजी-२१३ मधून २७, हाफ इंचातून ४१ आणि सेव्हन-बाय-एटमधून ४५. शेवटच्या चार वॉटांसाठी जाड, महाग आणि वळवायला अवघड केबल घेण्यात अर्थ नाही. हाफ इंच घ्या. परवान्यात ईआरपी (अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी पॉवर) १०० वॉटपर्यंत मिळते, ती अँटेनाचा गेन (पॉवर हव्या त्या दिशेला एकवटण्याची क्षमता) धरून आणि केबलचा लॉस वजा करून मोजतात. म्हणजे केबलमध्ये घालवलेले वॉट तुमच्याच हक्काचे असतात. बाजारपेठेत उभ्या गाडीतल्या रेडिओला २७ आणि ४१ वॉटमधला फरक कळणार नाही, डोंगराआडच्या वाडीला कळेल.

पण माझ्या मते लॉसपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. केबल खराब झाली की ट्रान्समीटरवरचा एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) चांगला दिसायला लागतो. वरून परत येणारी पॉवर खाली मीटरपर्यंत पोचताना पुन्हा त्याच केबलमध्ये जिरते. आरजी-५८ च्या ४० मीटरच्या टोकाला अँटेना नसलीच, तार नुसती लोंबत असली, तरी खाली एसडब्ल्यूआर १.६ च्या आसपास दिसेल! पाणी शिरलेल्या केबलीचंही तेच. पावसाळ्यात रिफ्लेक्टेड (परत येणारी) पॉवर हळूहळू कमी होत गेली तर खूश होऊ नका, मनोऱ्यावर माणूस चढवा.

पाणी शिरतं ते बहुतेक वेळा कनेक्टरमधून, म्हणून तिथे घाई नको. हॅकसॉने कापल्यावर तांब्याचा बारीक कीस फोमवर चिकटून राहतो. तोंड खाली धरून ब्रशने तो पूर्ण झाडा, नाहीतर मधली तार आणि कवच यांच्यात तोच पूल होतो. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) जागेवर आहे का बघा. आवळताना कनेक्टरचा मागचा भाग एका पान्याने धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. सगळंच फिरलं तर मधली पिन पिळली जाते आणि बाहेरून काही कळत नाही. कनेक्टर एन टाइपचे घ्या, पीएल-२५९ ला पाणी अडवायची सोयच नसते.

वरचा जोड आधी साध्या विनाइल टेपने, त्यावर ब्युटाइल (चिकट रबरी टेप), त्यावर पुन्हा विनाइलने गुंडाळा. शेवटचा थर खालून वर चढवायचा, म्हणजे पदर कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि पाणी बाहेरूनच ओघळतं. टेप ताणून तोडू नका, ब्लेडने कापा. ताणलेलं टोक उन्हात सुटतं. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडावर अजिबात नको, त्याने तांबं खाल्लं जातं.

बाकीची मांडणी सोपी आहे. दर मीटरला एक क्लॅम्प लावा. प्लॅस्टिकचे टाय उन्हाने फुटतात. हाफ इंचाची केबल साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नका. खोलीत शिरण्याआधी केबल खाली झोल देऊन वर घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल. अर्थिंग किट (केबलचं कवच जमिनीशी जोडणारा संच) तीन ठिकाणी: वर अँटेनाजवळ, खाली केबल मनोरा सोडते तिथे, आणि खोलीच्या तोंडाशी, जिथे सर्ज अरेस्टरही (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) बसवायचा. मनोऱ्याचं आणि खोलीचं अर्थिंग आपसात जोडलेलं हवं. ते वेगवेगळं ठेवलं तर वीज पडताना दोहोंमधला सगळा फरक ट्रान्समीटर सोसतो. तुमच्याकडे मे अखेरीला आणि परतीच्या पावसात याचीच परीक्षा असते.

देखभालीसाठी पहिल्याच दिवशी रजिस्टर उघडा. फॉरवर्ड (वर जाणारी) आणि रिफ्लेक्टेड पॉवर, आणि ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रोधावर) असतानाचे आकडे लिहा. शक्य असेल तर एक नॅनो व्हीएनए (केबल आणि अँटेना तपासायचं छोटं मीटर) घ्या. ट्रान्समीटर बंद ठेवून वर अँटेनाच्या जागी शॉर्ट (मधली तार आणि कवच थेट जोडणारं टोपण) लावायचा, खालून रिटर्न लॉस (सिग्नल वर जाऊन परत येईपर्यंत किती डीबी घटला तो आकडा) मोजायचा आणि तो अर्धा करायचा. हा केबलचा एकेरी लॉस. तुमच्या ४० मीटरला रिटर्न लॉस दोन डीबीच्या आत यायला हवा. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर हेच करा. आकडा तीनवर गेला की शंका नको, जोड उघडा.

एक गंमत लक्षात ठेवा. अँटेना जोडलेली असताना मल्टिमीटर लावून ‘केबल शॉर्ट आहे’ म्हणणारा तंत्रज्ञ तुम्हाला भेटेलच. एफएमच्या बऱ्याच अँटेना डीसीला (मल्टिमीटर सोडतो त्या एकदिश प्रवाहाला) जमिनीशी जोडलेल्याच असतात, तिथे शून्य ओहम हे बरोबर उत्तर आहे. अँटेना सोडवल्याशिवाय त्या मापाला किंमत नाही.

स्वस्तात मोबाइल टॉवरवरून उतरवलेली जुनी फीडर केबल मिळते, तुम्हालाही कुणी सुचवेल. घ्यायची असेल तर दोन्ही टोकांचा हातभर तुकडा समोर कापून बघा. आतलं तांबं गुलाबीसर चकचकीत हवं. हिरवट किंवा काळपट दिसलं तर आणखी मीटरभर कापा, तरी तसंच असेल तर भंगारवाल्याला परत द्या.

नायट्रोजन किंवा कोरडी हवा दाबाने भरून ठेवायच्या केबलींबद्दल तुम्ही विचारलंय. ते पोकळ, हवेच्या केबलींचं काम, १० किलोवॉटच्या मोठ्या केंद्रांवर चालतं. फोमच्या हाफ इंचाला त्याची गरज नाही.