बेडकाचे हृदय: किरणोत्सर्ग की प्रारण?

प्रश्न असा आहे: झेनोपस या आफ्रिकी बेडकावरच्या, अतिनील दिव्याने केलेल्या प्रयोगाच्या लेखाला 'भ्रूणाच्या हृदयवाढीवर किरणोत्सर्गाचा परिणाम' हे मराठी शीर्षक चालेल का?

'किरणोत्सर्ग' चालणार नाही. अस्थिर अणुकेंद्रक आपणहून किरण किंवा कण बाहेर टाकते, त्या क्रियेला किरणोत्सर्ग म्हणतात. युरेनियम, रेडियम, कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी. दिव्यात असे काही नसते, क्ष-किरणांच्या नळीतही नसते. दोन्हींतून येते ते प्रारण. शब्द अवघड वाटतो, पण शाळेत उष्णतेचे 'वहन, अभिसरण, प्रारण' सगळ्यांनीच पाठ केलेले आहे. चुलीची धग लांबून लागते ते प्रारणच, तिथे किरणोत्सर्गाचा संबंध नाही. कोबाल्ट-६० वापरले तर दोन्ही शब्द लागतात: स्रोत किरणोत्सर्गी, त्यातून निघते ते गॅमा प्रारण. त्या गॅमा किरणांखाली ठेवलेली अंडी मात्र किरणोत्सर्गी होत नाहीत, त्यामुळे 'किरणोत्सर्गी अंडी' हा शब्दप्रयोग सरळ चूक.

'हृदयवाढ' हा शब्द त्याहून जास्त दिशाभूल करतो. वाढ खुंटली म्हटले की लहानसे हृदय डोळ्यांपुढे येते. इथे पुरेशी मात्रा दिल्यास हृदय तयारच होत नाही. फलनानंतर अंड्याचा बाहेरचा थर आतल्या बलकावर सुमारे ३० अंश सरकतो. हे सरकणे सूक्ष्मनलिकांच्या (पेशीतल्या अतिबारीक नळ्यांच्या) समांतर जाळ्यावर होते आणि त्यातूनच पाठीची बाजू ठरते. पाठीकडच्या संघटक पेशींच्या (शेजारच्या पेशींनी काय बनायचे ते ठरवणाऱ्या पेशींच्या) दोन्ही अंगांना हृदयाच्या पेशी ठरतात, मग त्या पोटाकडे येऊन जुळतात. अतिनील किरण ते जाळे मोडतात. पाठ नाही, म्हणून संघटक नाही, म्हणून हृदय नाही. केंद्रक वरच्या काळ्या अर्ध्यात असते आणि किरण खालून, फिक्या बाजूने देतात, त्यामुळे जनुकांना धक्का लागत नाही. म्हणून इथे 'उत्परिवर्तन' (जनुकांतला बदल) हा शब्दही घुसवू नये.

प्रयोगाची कृती मराठीत लिहिताना काही तपशील गाळू नयेत. अंड्यावरचा चिकट थर आधी सिस्टीन या अमिनो आम्लाच्या २ टक्के द्रावणाने (सामू ८ च्या आसपास) काढतात, कारण तो थर किरण शोषतो. भांड्याचा तळ क्वार्ट्झचा असावा लागतो. साधी काच २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण अडवते. २२-२३ अंश सेल्सिअसला अंड्याचे पहिले विभाजन फलनानंतर साधारण ९० मिनिटांनी होते. किरण पहिल्या तासाच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर थर सरकून गेलेला असतो. मात्रा कमी पडली तर नुसते डोके खुजे राहते. किरण दिल्यानंतर भांडे हलवायचे नाही, कारण अंडे कलंडले की जड बलक घसरतो, पाठ पुन्हा ठरते आणि चांगले धडधडते हृदय असलेला टॅडपोल मिळतो. (हाच कलंडण्याचा उपाय मुद्दाम करूनही दाखवता येतो.)

एक बारीक दुरुस्ती 'भ्रूण' या शब्दाचीही आहे. किरण दिले जातात तेव्हा एकही विभाजन झालेले नसते. ते असते फलित अंडे. 'फलित अंड्यावरील अतिनील प्रारण आणि बेडकाची हृदयनिर्मिती' असे शीर्षक द्यावे.