क्लफ मोठा की फर्ग्युसन?

प्रश्न : सगळ्यात मोठा फुटबॉल मॅनेजर कोण, आमच्या कट्ट्यावर रोज रात्री हाच वाद. मी फर्ग्युसनवाला, मित्र ग्वार्डिओलावाला, आणि एक काका आहेत ते मधेच ब्रायन क्लफचं नाव काढतात. त्याच्या लीग ट्रॉफ्या दोनच! काकांचं ऐकायचं का?
(एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

ऐका हो काकांचं! ट्रॉफ्या मोजायच्या तर प्रश्नच नाही, फर्ग्युसनच्या एकट्या मँचेस्टर युनायटेडबरोबर 13 लीग आहेत आणि ग्वार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीबरोबर 6. पण माझं मोजमाप जरा वेगळं आहे, माणसाच्या हातात टीम आली तेव्हा ती कुठं होती ते मी आधी बघतो. सिटी ग्वार्डिओला यायच्या आधीच 2012 आणि 2014 ला चॅम्पियन झालेली, पैसाही रग्गड. आणि क्लफ जानेवारी 1975 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला तेव्हा टीम सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, मधेच कुठंतरी लोंबकळत होती. 1977 ला तिसऱ्या नंबरवर राहून कशीबशी वर चढली, 1978 ला थेट लीग, 1979 आणि 1980 ला युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग! म्हणजे फॉरेस्टकडं लीग एकदा आणि युरोप दोनदा, असला उलटा हिशोब दुसरीकडं सापडायचा नाही.

आणि माणसं कोण? केनी बर्न्स फॉरवर्ड खेळायचा, त्याला मागं डिफेन्समध्ये उभा केला तर 1978 ला पत्रकारांनी त्यालाच फुटबॉलर ऑफ द इयर केलं. जॉन रॉबर्टसन तर आधी विकायला काढलेला, पळण्यातही काही वाघ नव्हता. म्युनिकची 1979 ची फायनल बघा, हाफटाइमच्या तोंडावर डावीकडं दोघं अंगावर असताना त्यानं त्यांच्या मधून बॉल काढला, लांबच्या पोस्टवर क्रॉस टाकला आणि ट्रेव्हर फ्रान्सिसनं हेडर मारला, माल्मोवर 1-0. फ्रान्सिस दहा लाख पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू, आणि युरोपातली त्याची ही पहिलीच मॅच बरं का. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गविरुद्ध गोल खुद्द रॉबर्टसनचा.

तुमच्या फर्ग्युसनलाही कमी लेखत नाही, पण माझ्या हिशोबात त्याची सगळ्यात भारी कामगिरी युनायटेडची नाहीच, 1983 ला स्कॉटलंडचा ॲबरडीन क्लब घेऊन रेआल माद्रिदला हरवलं ती!

प्रश्न : दोन्ही फायनल 1-0. नशीबच ना?
(एक वाचक, मडगाव)

1979 च्या त्या युरोपियन कपात पहिल्याच राउंडला समोर लिव्हरपूल आलेलं, सलग दोनदा युरोप जिंकलेलं, मॅनेजर बॉब पेजलीचं. घरी 2-0 आणि तिकडं जाऊन 0-0, गेलं बाहेर. शिवाय लीगमध्ये सलग 42 मॅचेस न हरता, तो रेकॉर्ड मोडायला 2004 साल उजाडलं, आर्सेनलनं मोडला. नशीब इतकं लांब चालत नाही राव.

प्रश्न : पीटर टेलर नसता तर क्लफ कुठं असता?
(एक वाचक, पुणे)

हा प्रश्न बोचरा आहे, आणि काकांना विचारूच नका, चिडतील. टेलर म्हणजे क्लफचा असिस्टंट; खेळाडू हुडकायची नजर टेलरची, क्लफ त्यांना घडवायचा. टेलर बरोबर नसताना क्लफ 1974 ला लीड्स क्लबला गेला तर 44 दिवसांत घरी. 1982 ला टेलर फॉरेस्टमधून निघाला, त्यानंतर लीग कप आले, लीग नाही की युरोप नाही. आणि 1993 ला फॉरेस्ट खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, त्याच सीझनला फर्ग्युसननं युनायटेडबरोबर आपली पहिली लीग जिंकली.