न्यूझीलंडला यायच्या आधी मुंबईत काय करून घ्यावं

तुझा प्रश्न वाचला. गोरेगावला आरसीसी कन्सल्टंटकडे सात वर्षं झाली, ईटॅब्स या इमारतींच्या डिझाइन सॉफ्टवेअरवर हात बसलाय, न्यूझीलंडला यायचं जवळजवळ ठरलंय. आता आधी न्यूझीलंडचा डिझाइनचा कोड (नियमावली) वाचून काढू, मास्टर्सला पैसे घालू की सरळ अर्ज करू, आणि मुंबईचा अनुभव तिथे कुणी धरतं का, असं तू विचारलंयस. मी मुलुंडची, सध्या वेलिंग्टनमध्ये इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचं हेच काम करते. व्हिसाचे नियम सतत बदलतात, ते सरकारी साइटवरच बघ. मी कामाबद्दल सांगते.

कोडची काळजी सोड. आय.एस. ४५६, म्हणजे आपला काँक्रीटचा कोड, नीट कळलेल्या माणसाला इथला काँक्रीटचा कोड परका वाटत नाही. जड जातं ते दुसरंच. मुंबईत बहुतेक ऑफिसांत मॉडेल आपण चालवतो, बीम-कॉलमचे शेड्यूल आपण काढतो, पण बिल्डरशी बोलणं आणि सही साहेबांची. इथे नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यापासून विचारतात: हा निर्णय का घेतलास? 'सॉफ्टवेअरमध्ये पास होतंय' हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. मला रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न आला तो असा, की या फ्रेममध्ये हिंज, म्हणजे भूकंपात सळई ताणून वाकायची जागा, नेमका कुठे होणार आणि दुसरीकडे होणार नाही याची तू काय तजवीज केलीस?

याचं कारण भूकंप. आय.एस. १८९३ या आपल्या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन ३ मध्ये येते, झेड (त्या जागेच्या भूकंपाच्या जोराचा आकडा) ०.१६, आणि डिझाइनला त्याच्या निम्मा, म्हणजे ०.०८. वेलिंग्टनला इथल्या कोडमधला झेड ०.४०, तोही सरासरी ५०० वर्षांतून एकदा येणाऱ्या भूकंपासाठी आणि निम्मा न करता. पुढे डक्टिलिटीप्रमाणे, म्हणजे न तुटता वाकायच्या क्षमतेप्रमाणे, दोन्हीकडे बळ कमी करतात, त्यामुळे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करू नकोस, पण अंदाज येईल. इमारत इलास्टिक राहणार नाही, म्हणजे हलून पुन्हा जशीच्या तशी होणार नाही, कुठेतरी सळई यील्ड होणार (कायमची ताणली जाणार), हे धरूनच इथे डिझाइन सुरू होतं. ती जागा आपण ठरवायची आणि बाकीचे भाग त्याहून मजबूत ठेवायचे. कपॅसिटी डिझाइनचा हा विचार क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉलाय यांनी पक्का केला. आय.एस. १३९२० या भूकंपासाठीच्या सळईच्या कोडमध्ये कॉलमची एकूण मोमेंट क्षमता (वाकण्याला तोंड द्यायची ताकद) बीमच्या १.४ पट ठेवायचा नियम आहे ना, त्याचं मूळ याच विचारात आहे. तिकडे आपण तो टेबलात तपासून पुढे जातो. इथे सगळं डिझाइन त्याच्याभोवती फिरतं.

ड्रिफ्टचंही, म्हणजे एक मजला खालच्यापेक्षा किती सरकतो त्याचंही, तसंच. आपल्याकडे कमी केलेल्या बळाखाली मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ३ मीटरच्या मजल्याला १२ मिमी. इथे प्रत्यक्ष किती हलेल ते काढतात आणि मर्यादा २.५ टक्के, म्हणजे त्याच मजल्याला ७५ मिमी. एक मजला खालच्या मजल्यापेक्षा ७५ मिमी सरकला, तर जिन्याचं काय होईल? दोन्ही टोकांना पक्का बांधलेला जिना तिरप्या ब्रेसिंगसारखा बळ ओढून घेतो. एक टोक सरकतं ठेवलं पण बेअरिंग अपुरं दिलं, तर तो खाली येतो. २०११ च्या भूकंपात क्राइस्टचर्चच्या फोर्सिथ बार इमारतीत जिने कोसळले, इमारत उभी राहिली आणि माणसं वर अडकली. तेव्हापासून जिन्याच्या टोकाचं डिटेल इथे सीनियर माणूस स्वतः बघतो. मुंबईत जिना म्हणजे वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालची तिरपी स्लॅब), अर्ध्या तासाचं काम. इकडे यायच्या आधी हा एक डिटेल कागदावर स्वतः काढून बघ.

त्याच भूकंपात, २२ फेब्रुवारी २०११ ला, सीटीव्ही इमारत पडली. एकूण १८५ माणसं गेली, त्यातली ११५ या एका सहामजली इमारतीत. इमारत १९८६ च्या डिझाइनची, गोल कॉलम ४०० मिमीचे, त्यांना गुंडाळलेली स्पायरल रिंग ६ मिमीची, दोन वेढ्यांतलं अंतर (पिच) २५० मिमी, म्हणजे फारच विरळ. तू रोज कॉलमच्या रिंगा काढतोस, त्यामुळे हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल. रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, डिझाइनमध्ये दोष दाखवले, अशा इमारतीचा अनुभव नसलेल्या माणसावर पुरेशी देखरेख नव्हती हे सांगितलं, आणि कौन्सिलने (महापालिकेने) परवानगी द्यायलाच नको होती असंही म्हटलं. इथल्या ऑफिसात 'हे माझ्या अनुभवाबाहेरचं आहे' असं म्हणणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही. आपल्याकडे 'हो सर, होईल' म्हणायची सवय अंगात मुरलेली असते. ती मुंबईत असतानाच सोडायला लाग.

आता डिग्री. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या परस्पर मान्य करायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य आहे, पण त्यात सरसकट सगळ्या डिग्र्या धरत नाहीत. एनबीए या भारतातल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची टियर-१ मान्यता असलेला कोर्स हवा आणि तुझं पास होण्याचं वर्ष त्या मान्यतेच्या मुदतीत हवं. कॉलेजच्या नावावर विसंबू नकोस, यादीत वर्ष बघ. बसत नसेल तर ज्ञान-तपासणीची वेगळी वाट आहे. पुढची पायरी सीपीइंग, म्हणजे चार्टर्ड प्रोफेशनल इंजिनिअर, आणि नोंदणी एंजिनिअरिंग न्यूझीलंडकडे. त्याला पाठांतराची परीक्षा नाही. तुझ्या कामाचे पुरावे, रेफरी (तुझं काम ओळखून त्याची साक्ष देणारे) आणि समोरासमोर चर्चा, आणि त्यानंतरही ठरावीक काळाने फेरतपासणी.

मास्टर्स? भूकंपाच्या कामातच खोल जायचं असेल तर जरूर कर. केवळ आत शिरायला म्हणून सात वर्षांच्या अनुभवानंतर कर्ज काढू नकोस. पदाचं नाव मात्र सुरुवातीला एक पायरी खालचं मिळेल, ते मनाला लावून घेऊ नकोस.

मुंबईचा अनुभव धरतात, पण तू समजतोस तो नाही. चाळीस मजली टॉवरचं मॉडेल ऐकून इथे फारसं कुणी भारावत नाही. इथली घरं बहुतांश लाकडी फ्रेमची, मोठ्या इमारतींत स्टील भरपूर, आणि ही दोन्ही कामं आपल्या हातून क्वचितच झालेली असतात. उपयोगी पडतं ते ३० वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट. गिरगाव-परळच्या एखाद्या सोसायटीत प्लास्टर ठोकून पोकळ आवाज ऐकणं, रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल, कोअर, कार्बोनेशनची खोली या काँक्रीट-सळईच्या तपासण्या, गंजून अर्धी झालेली सळई कॅलिपरने मोजणं, आणि शेवटी ती इमारत सी-१ (पाडायची) की सी-२ (दुरुस्त करायची) हे ठरवताना आत राहणाऱ्या कुटुंबांचे चेहरे समोर असणं. इथे जुन्या इमारती नव्या इमारतीच्या किती टक्के ताकदीच्या आहेत ते काढतात, ३४ टक्क्यांखाली गेली की ती भूकंपप्रवण ठरू शकते. त्या कामात जुनी ड्रॉइंग्ज आणि प्रत्यक्षातली सळई यातला फरक ओळखणारा माणूस लागतो. ऑफिसात ऑडिटची कामं कंटाळवाणी म्हणून ज्युनिअरवर ढकलत असतील तर तू ती मागून घे.

साइटचंही सांगते. इथे डिझाइन करणाऱ्याला बहुतेकदा बांधकाम बघून पीएस-४ नावाचं निवेदन द्यावं लागतं, आणि ते कौन्सिलकडे जातं. म्हणजे काँक्रीटच्या आधी तू स्वतः जाऊन बघायचं आणि लेखी नोंद ठेवायची. मुंबईत याचा सराव फुकट मिळतो. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवर चढ आणि टॉर्च लावून बीम-कॉलमच्या जॉइंटमध्ये बघ. चारी बाजूंनी बीमचं स्टील आलेलं असतं, फिटरला तिथे रिंग घालायला जागा नसते, आणि नेमक्या तिथल्याच रिंगा गायब असतात. मग मुकादमावर ओरडू नकोस. ती रिंग दोन तुकड्यांत घालता आली असती का, बीम थोडा रुंद ठेवला असता तर जमलं असतं का, हे ऑफिसात येऊन ड्रॉइंगवर बघ. असा एक प्रसंग, त्यात तू काय बदललंस आणि का, हे सीपीइंगच्या चर्चेत दहा टॉवरांच्या यादीपेक्षा जास्त मोलाचं ठरतं.

त्यासाठी आजपासून वही ठेव. प्रत्येक कामाचं अर्धं पान: काय होतं, तुझा स्वतःचा वाटा किती, कुठे अडलं, कुणी तपासलं. ऑफिसची ड्रॉइंग्ज उचलून आणू नकोस, ती तुझी नाहीत. साहेबांना विचार आणि परवानगी मिळेल तेवढंच घे. त्यांच्याशी चांगले संबंध ठेवून नीघ, कारण रेफरी म्हणून इथून विचारणा त्यांच्याकडेच होईल. सीव्ही दोन पानांचा कर, 'आम्ही केलं' ऐवजी 'मी केलं' लिही, आणि जे केलं नाही ते घालू नकोस. तयार झाला की मला पाठव, ऑडिटची कामं पहिल्या पानावर घेऊन.