प्रश्न वाचकांचे : साहेबाने सेवक व्हायचे म्हणजे काय?

प्रश्न : नागपूरच्या मिहान उद्योग-परिसरातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी आठ जणांच्या टीमचा प्रमुख आहे. आधी सेवा, मग नेतृत्व हे तत्त्व मला पटते. म्हणून कोणाचे काम अडले की रात्री बसून मीच ते पूर्ण करतो. तरीही टीम स्वतःहून पुढे सरकत नाही. असे का?

उत्तर : कारण अडलेल्या कामाबरोबर त्या माणसाची शिकण्याची संधीही तुम्ही रोज रात्री घरी नेता. एटी अँड टी या अमेरिकी कंपनीत सुमारे चार दशके नोकरी केलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० सालच्या निबंधामुळे सेवक-नेतृत्व ही कल्पना रूढ झाली, आणि तिची कसोटीही त्यांनीच सांगून ठेवली आहे : ज्यांची सेवा केली ती माणसे वाढतात का, अधिक शहाणी आणि स्वतंत्र होतात का? तुमची टीम या कसोटीला उतरत नाही. कोणी अडले तर शेजारी बसा, काय करून पाहिले ते विचारा, पण कीबोर्ड त्याच्याच हाताखाली राहू द्या. तुमचे श्रम खर्ची पडावेत ते त्याच्या आवाक्याबाहेरच्या अडथळ्यांवर : रखडलेली परवानगी, दर आठवड्याला मागणी बदलणारा ग्राहक, उत्तर न देणारा दुसरा विभाग.

प्रश्न : बुटीबोरीच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. मऊ लागले की लोक कोपराने खणतात. सेवा करू की शिस्त लावू?

उत्तर : गोड बोलणे आणि नियम सैल सोडणे यांची गल्लत येथे होते आहे. यंत्राचे सुरक्षा-कवच काढून काम करणाऱ्याला तत्काळ थांबवणे ही त्याचीच सेवा आहे, आणि त्यासाठी आवाज चढला तरी बिघडत नाही. मात्र उशिरा येणाऱ्याला नोटीस देण्यापूर्वी कारण विचारावे. बस रोजच उशिरा येत असेल, तर नोटिशीपेक्षा बसच्या वेळेवर बोलणे उपयोगाचे. ग्रीनलीफ यांनी कसोटीला आणखी एक प्रश्न जोडला होता, तो असा की सर्वांत वंचित माणसावर याचा काय परिणाम होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली माल उचलणारा कंत्राटी कामगार हा तुमच्या पाळीतील तो माणूस. त्याचे अवजड काम सकाळी उरकता येते का, पिण्याचे थंड पाणी त्याच्यापासून किती पावलांवर आहे, हे स्वतः चालत जाऊन पाहा. कायम कामगारांची विचारपूस त्यामानाने सोपी असते.

प्रश्न : मी धरमपेठेतील एका कार्यालयात विभागप्रमुख आहे. सहकाऱ्यांची काळजी घेतली की ‘ताईंचा स्वभावच तसा’ म्हणतात. निर्णय मात्र माझ्या कनिष्ठ पुरुष सहकाऱ्याला विचारतात.

उत्तर : या कल्पनेची ही खरी उणीव आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. ज्याचा अधिकार सर्वांनी गृहीत धरला आहे, त्याने नमते घेतले की तो मोठेपणा ठरतो. जिच्या अधिकाराविषयीच शंका आहे, तिची सेवा कर्तव्य म्हणून जमा होते. तेव्हा तुमची सेवा अधिकारातूनच दिसू द्या : प्रशिक्षणासाठी कोणाला पाठवायचे, कामाची वाटणी कशी करायची, कोणाचे श्रेय वरिष्ठांपर्यंत पोहोचवायचे. बैठकीचे टिपण, चहाची व्यवस्था आणि वाढदिवसाची वर्गणी पाळीपाळीने सर्वांकडे जाऊ द्या. त्या सहकाऱ्यालाही स्पष्ट सांगा की असे प्रश्न आले तर त्याने ते उत्तर न देता तुमच्याकडे पाठवावेत.

प्रश्न : माझ्या वरिष्ठांना महिनाअखेरचा विक्रीचा आकडा तेवढा कळतो. त्यांच्यापुढे हे सारे कसे मांडू?

उत्तर : मांडू नका, आकडा द्या. तो गाठण्याची पद्धत टीमसोबत बसून ठरवा, आणि आकडा हुकला तर वरिष्ठांच्या खोलीत एकट्याने जा.