एकूण ७ बँड आले, तरी अर्ज का अडला?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली असून पुण्यात आयसीयूत काम करते. तिला इंग्लंडला जायचं आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडमिक प्रकारात ऐकणे ७.५, वाचन ७, बोलणे ७, लेखन ६ आणि एकूण ७ बँड आले. एजंट म्हणतो, उपयोग नाही, ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) सोपी आहे, ती द्या. क्लासवाले म्हणतात, आयईएलटीएसचाच जनरल प्रकार द्या. काय करावं? – एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : उपयोग नाही, हे एजंटचं म्हणणं अर्धंच खरं. तिच्या चार गुणांची सरासरी ६.८७५ येते, ती वर सरकून ७ झाली. पण ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणारी एनएमसी नुसती सरासरी पाहत नाही. ऐकणे, वाचन, बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ हवेत. म्हणजे मुलगी अडली आहे ती फक्त अर्ध्या बँडवर.

जनरलचा विषय सोडून द्या, एनएमसी ॲकॅडमिकच धरते. क्लासवाल्यांना हे माहीत नसेल तर तिथे पुन्हा पैसे भरण्याआधी विचार करा.

बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एनएमसी एकत्र धरते. अट अशी की कुठल्याही वेळी ऐकणे, वाचन, बोलणे ६.५ च्या आणि लेखन ६ च्या खाली जाता कामा नये. तिचे ६ यात जेमतेम बसतात. पुढच्या वेळी चारही भाग द्यावे लागतील, पण जोर लेखनावरच ठेवायचा.

लेखनात ती कुठे कमी पडली, ते तिलाच विचारा. साठ मिनिटांत दोन प्रश्न असतात, पहिला आलेखाच्या वर्णनाचा आणि दुसरा निबंधाचा, आणि निबंधाला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. तरी मुलं आलेखाच्या वर्णनात अर्धा तास घालवतात आणि २५० शब्दांचा निबंध घाईत उरकतात. त्यात क्लासनं पाठ करून घेतलेली भारदस्त सुरुवात! परीक्षकाला ती लगेच ओळखू येते. साधं, मुद्द्याला धरून लिहिलेलं जास्त चालतं. घड्याळ लावून आठवड्याला तीन निबंध लिहावेत आणि जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत.

ओईटी सोपी नाही, तिच्या कामाच्या जवळची आहे. लेखनात रुग्णाच्या केस नोट्सवरून ४५ मिनिटांत पत्र लिहायचं असतं, बहुतेकदा रेफरल किंवा डिस्चार्जचं. नोट्समधलं काय गाळायचं हे कळणं त्यात फार महत्त्वाचं, आणि रोज हँडओव्हर देणाऱ्या नर्सला ते जमतं. बोलण्याच्या भागात रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी संवाद असतो. एनएमसीला ओईटीच्या लेखनात सी प्लस आणि बाकी तिन्हीत बी श्रेणी लागते. मात्र फी बरीच जास्त आहे, आणि आयईएलटीएसचे आत्ताचे गुण ओईटीला जोडता येणार नाहीत.

म्हणून माझं मत असं : दोनेक महिने लेखनाची तयारी करून आधी आयईएलटीएसच पुन्हा द्यावी. लेखन तरीही ६ वरच राहिलं, तर ओईटीकडे वळावं. पहिल्या परीक्षेची तारीख पाहून बारा महिने कधी भरतात ते आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि फी भरण्याआधी एनएमसीच्या संकेतस्थळावरचे चालू नियम मुलीला स्वतः वाचू द्या.