लेक पहिल्यांदाच अ‍ॅम्ब्युलन्सवर चाललीये, काय तयारी करू?

प्रश्न: ताई, मुलीने बारावीनंतर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या कोर्सला अ‍ॅडमिशन घेतलीये. सोमवारपासून अ‍ॅम्ब्युलन्सवर ट्रेनिंग शिफ्ट आहेत, मधेमधे नाईट पण. अठरावं चालू आहे तिचं. घरात बोट कापलं तरी आम्ही सगळे गडबडतो आणि ही म्हणते मी अपघाताच्या कॉलला पण जाणार. मला झोप नाही. बरोबर काय देऊ, काय सांगू? – एक आई, धायरी

उत्तर: अहो, सुरुवातीच्या शिफ्टमध्ये तिचं काम म्हणजे बघणं आणि मधे न येणं, एवढंच. पेशंट सांभाळायला सिनियर असतात, १०८ च्या गाडीवर तर डॉक्टर असतो आणि पायलट, म्हणजे ड्रायव्हर. तरी पण वय बघता इन्स्टिट्यूटकडून लेखी घ्या की ती कुणाच्या हाताखाली आहे, कशाला हात लावायची परवानगी आहे आणि इजा झाली तर खर्च कोण बघणार. तोंडी "आम्ही आहोत ना" वर जाऊ नका.

आजच तिचं लसीचं कार्ड शोधा. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिची लस झालेली नसेल तर तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांनी, सोमवारपर्यंत सगळे व्हायचे नाहीत पण डॉक्टरांना विचारून पहिला तरी घेऊन टाका, धनुर्वाताचं पण बघा. आणि चुकून सुई टोचली तर ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच मिनिटाला सिनियरला सांगायचं, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी.

आता रक्ताचं. खरं सांगू का, नव्या पोरांना रक्तापेक्षा गाडी जास्त लागते! मागे आडवं बसायचं, खिडकीतून धड दिसत नाही, नजर पेशंटवर, आणि त्यात आपले स्पीडब्रेकर. उपाशी पाठवू नका, पोहे-उपमा असं हलकं काहीतरी खाऊन जाऊ दे, वडापाव नको. उलटीची गोळी मनाने देऊ नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. चक्कर आल्यासारखं झालं तर "सर, मी बसते" म्हणून सरळ खाली बसायचं, लाजायचं नाही, उभ्याने पडली तर सिनियरला एकाऐवजी दोन पेशंट.

बॅगेत फार काही नको. पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, जास्तीचे मोजे, छोटी वही. पायात पुढून बंद, न घसरणारे बूट. केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली, अंगठी-कानातले लोंबते घरी. सेकंद काटा असलेलं साधं घड्याळ मात्र घेऊन द्या, नाडी आणि श्वास मोजायला ते लागतंच.

शिफ्ट सुरू झाली की गाडीचं चेकिंग होतं, तेव्हा तिने सिनियरच्या मागे मागे राहावं. ऑक्सिजन सिलेंडरमध्ये प्रेशर किती, सक्शन, म्हणजे पेशंटच्या तोंडातली उलटी-रक्त ओढून घेणारं मशीन, चालू होतंय का, बीपी मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा कुठल्या खणात, ग्लोव्हज कुठे. कुणी "सक्शन दे" म्हणाल्यावर चार खण उघडत बसण्यापेक्षा हे आधी झालेलं बरं.

पेठेतल्या जुन्या वाड्याचा कॉल आला तर कळेल की त्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळतच नाही, पेशंटला खुर्चीत बसवून नाहीतर चादरीत घेऊन उतरवावं लागतं. तिथे मधे लुडबुडण्यापेक्षा पुढे होऊन चपला, बादल्या, सायकल बाजूला केली तरी मोठी मदत. आणि नातेवाईक हिलाच धरून विचारणार, "वाचतील ना हो?" त्याला हो पण नाही आणि नाही पण नाही. "डॉक्टर बघतायत, काका, तुम्ही मला त्यांच्या गोळ्या आणि जुनी फाईल द्या," एवढं बोलायचं, त्याने त्यांच्या हाताला काम मिळतं आणि आपल्यालाही माहिती मिळते.

मोबाईल खिशात. पेशंटचा फोटो नाही, स्टेटस नाही, मैत्रिणींच्या ग्रुपवर पण नाही. हे तुमच्यासाठी पण आहे हं, नाव-गाव तुम्ही घरी विचारायचं नाही.

परत आली की दारातच "काय काय बघितलंस" सुरू करू नका, आंघोळ, जेवण होऊ दे, कपडे वेगळे भिजवा. बोलली तर ऐका. बरेच दिवस झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल तर तिच्या सरांशी बोला, टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर पण फ्री आहे.

आणि नाईटनंतर तिला अ‍ॅक्टिव्हावरून एकटीला धायरीपर्यंत येऊ देऊ नका, सकाळी डोळे मिटतात. बाबांना न्यायला पाठवा.