दंड भरला म्हणजे भिंत कायदेशीर झाली का?

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी बाजूचं सोडायचं अंतर बुजवून तीन मजले चढवले. जिना तर आमच्या कंपाउंडलाच टेकवला. आमचा कुलर त्याच बाजूच्या खिडकीत आहे. मे महिन्यात आता तो कोंडलेली गरम हवाच आत फेकतो आणि सासूबाईंना दमा आहे. बोलायला गेलं की शेजारी म्हणतात, "आम्ही दुप्पट घरपट्टी भरतो, विषय संपला." दंड दहापट केला तर असली बांधकामं थांबतील का?
– एक वाचक भगिनी, खान्देश

उत्तर : ताई, विषय संपलेला नाही, हे आधी पक्कं धरा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर दरवर्षी घरपट्टीच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लागते, आणि बांधकाम बेकायदा आहे तोवर ती लागतच राहते. पण शास्तीच्या पावतीनं बांधकाम नियमित होत नाही. ते पाडण्याचा अधिकारही शाबूत राहतो. शेजाऱ्यांनी तिला भाडं समजून घेतलंय. आपल्याकडे असं समजणारे पुष्कळ आहेत, म्हणून तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

दंड वाढवायलाच हवा. उदाहरण घ्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चं. त्याच्या कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आहे आणि दंड आहे 2,000 ते 5,000 रुपये. पुढे गुन्हा चालूच ठेवला तर रोजचे 200 रुपयांपर्यंत. आज स्लॅब टाकायच्या एका दिवसाची मजुरीसुद्धा पाच हजारांत भागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दंड जादा बांधलेल्या चौरस मीटरवर आणि त्या भागातल्या रेडीरेकनरच्या, म्हणजे जागेच्या सरकारी, दरावर बसवावा. पार्किंगमध्ये गाळा काढला असेल तर त्याचं वर्षाचं सगळं भाडं दंडात गेलं पाहिजे. मात्र मुलाचं लग्न ठरलं म्हणून गच्चीवर पत्र्याची खोली काढणारा आणि मंजुरीपेक्षा दोन मजले जास्त चढवून फ्लॅट विकणारा, या दोघांना एका मापानं मोजू नये.

पण नुसता आकडा वाढवून तुमच्या सासूबाईंची हवा परत येणार नाही. असं का म्हणतो, ते सांगतो.

मी बरीच वर्षं बांधकाम विभागात ओव्हरसिअर होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक जोतं, म्हणजे पायावरचा चौथरा, तपासायला गेलो. टेपचं एक टोक मालकाच्या शाळकरी मुलानं धरलं होतं. नकाशात बाजूला दीड मीटर, टेपवर सत्तर सेंटिमीटर. मालक म्हणाले, "साहेब, आता चार थर तर चढलेत." खरंच चारच थर होते, ओले, बोटानं सिमेंट निघत होतं. दोन गवंड्यांनी दुपारपर्यंत काढून टाकले असते. मी वहीत नोंद केली, ऑफिसात अहवाल दिला आणि दुसऱ्या साइटवर गेलो. काम थांबवायची नोटीस टाइप झाली, सहीला गेली, सही होऊन निघाली तोवर तळमजल्याचा स्लॅब पडला होता. दुसरी नोटीस निघाली तेव्हा घरभरणी झाली होती आणि आत पाळणा हलत होता. मग कोर्ट, मग स्थगिती. सहीचा अधिकार माझा नव्हता. पण साहेबांच्या दारात बसून त्याच दिवशी सही घेता आली असती. मी बसलो नाही. ते मला अजून लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कारवाई जोत्याला व्हावी. तिथं विटा काढायच्या असतात. वर गेल्यावर माणसं काढावी लागतात आणि ते कुणाच्यानं होत नाही. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याच्या शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 जीव गेले. ती बांधली जात असतानाच तिच्यात लोक राहत होते.

सुप्रीम कोर्टानं 17 डिसेंबर 2024 ला मेरठच्या एका प्रकरणात जे आदेश दिले, ते मला कुठल्याही दंडापेक्षा मोलाचे वाटतात. मंजूर नकाशा साइटवर लावायचा. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याशिवाय, वीज-पाणी जोडायचं नाही. बँकेनं तो दाखला पाहूनच कर्ज द्यायचं. आणि चुकीचं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावरही कारवाई करायची. आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात मीटर आणि नळाशिवाय घरात कोण राहायला जाईल? त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला कोर्टानं पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली. तेही योग्यच आहे. सार्वजनिक रस्त्यावरच्या अतिक्रमणाला ती सवलत नाही.

बाजूचं अंतर म्हणजे सरकारनं अडवलेली जागा, असं पुष्कळांना वाटतं. धुळ्याच्या नंबरी गल्ल्यांतून कधी चालून बघा. 1818 नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेलं ते गाव आहे. रेष सरळ असली की वाऱ्याला वाट मिळते, आणि आगीच्या बंबालाही.

आता तुमचं काम. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून शेजाऱ्यांच्या मंजूर नकाशाची प्रत मागवा. तुमच्या हद्दीत उभं राहून टेप लावलेले फोटो काढा. मग आयुक्तांच्या नावे लेखी तक्रार द्या, तिच्यात नगररचना अधिनियमाचं कलम 53 आणि महानगरपालिका अधिनियमाचं कलम 260 लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सगळे मजले उतरतील, असं आश्वासन मी देणार नाही. जिना मात्र उतरू शकतो. तो आधी मागा, म्हणजे कुलरची खिडकी मोकळी होईल.

प्रश्न : बिल्डरनं इमारतीखालचं पार्किंग गाळे म्हणून विकलं. आता काय करायचं?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : भाऊ, इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्येच सांगितलंय. ती जागा सगळ्या सदनिकाधारकांची असते. एकट्यानं भांडू नका. सोसायटीचा ठराव करा आणि मंजूर नकाशा जोडून तक्रार द्या. गाळ्यात अजून शटर बसलं नसेल तर याच आठवड्यात द्या.